ताटात काय आणि शेजारी कोण



मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात पंगत होती. हॉटेल साधंच, सकाळी मिसळ आणि दुपारी राइस प्लेट. मालकाचा मुलगा बाहेर शिकून कोल्हापुरात परत आला आणि त्यानं महिन्यातून एकदा हा घाट घातला आहे. त्या दिवशी नेहमीचे पदार्थ बंद. सगळी टेबलं एकाला एक लावून एकच लांब टेबल करायचं, येईल त्यानं मिळेल त्या जागी बसायचं, आणि ताटात फक्त आपल्या जिल्ह्यात पिकलेलं.

मी आधीच फोन करून सगळं विचारून ठेवलं होतं. कांदा, लसूण, बटाटा काही चालत नाही, आणि सूर्यास्ताच्या आत ताट हातावेगळं व्हायला हवं. सध्या सहा-सव्वासहालाच दिवस मावळतो. "काकू, पंगत साडेपाचलाच सुरू करतोय की. म्हातारी माणसं असत्यात," तो म्हणाला. मी त्या म्हाताऱ्या माणसांत धरली आहे का, हे काही मी विचारलं नाही.

जेवण उत्तम होतं. राधानगरीकडची नाचणी, तिची गरम भाकरी. वरण्याची उसळ, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात. वाफ आली की अर्ध्या खोलीला कळावं असा त्या भाताचा वास. शेवटी खपली गव्हाची खीर, आपल्याच गुळाची. कृष्णाकाठची भरली वांगीही होती. ती मी खात नाही, पण पलीकडच्या आजोबांनी चार मागून घेतली, त्यावरून चांगली असणार. माझ्यासाठी उसळ फोडणीआधीच वेगळी काढून ठेवली होती.

तरी माझं तोंड काही बंद नव्हतं. वाढणारा मुलगा जवळ आला की माझी चौकशी सुरू. यात लसूण आहे का? ही पळी त्या पातेल्यात घातली होतीस का? भाकरीला कुणाचा खरड्याचा हात लागलाय का? दह्याची वाटी तर मी हातानंच लांब सारली, कारण उसळीबरोबर दही म्हणजे द्विदल.

माझ्या डाव्या हाताला मागच्या गल्लीतल्या एक बाई बसल्या होत्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. वीस वर्षं आम्ही मंडईत एकमेकींकडे बघून हसतोय, बोलणं मात्र कधी झालं नव्हतं. माझी तिसरी की चौथी चौकशी झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताट थोडं आपल्याकडे ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "आम्ही शेजारी बसलेलं चालतंय न्हवं तुम्हांला?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी बाई बसमध्ये पिशवी ठेवताना विचारते ना, तसंच त्यांनी विचारलं. मी मात्र घास हातात धरून बसले. "अहो, मी ताटातलं बघतेय, तुमच्याकडं न्हवं," असं काहीतरी बोलले. त्या हसल्या. "तसं न्हवं ओ. आधी विचारलेलं बरं असतंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझी आज्जी आठवत होती.

आज्जी फार धर्माची. पाणी गाळून झालं की गाळणं ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीवर नेऊन उलटं धुवायची, त्यातला जीव मरू नये म्हणून. चुलीत लाकूड सारायच्या आधी ते जमिनीवर आपटायची, आत मुंगी-किडा असेल तर निघून जावा म्हणून. त्याच घरात गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी होती. शेतात राबायला येणाऱ्या एका काकांसाठी ती होती. ती उचलून आणायचं काम लहानपणी माझं. काका ती विसळून पुढं धरायचे आणि आज्जी वरून चहा ओतायची. असं का, हे मी कधी विचारलं नाही. आज्जी पाण्यातल्या जिवासाठी विहिरीपर्यंत चालत जायची, हेही मी बघत होते आणि तेही बघत होते.

आपण जैन बायका ताटात काय आहे हे फार बारकाईनं बघतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण शेजारी कोण बसलंय हे बघण्याची सवय त्याच चौकशीत कधी मिसळून गेली? या प्रश्नाची सगळी गोष्ट आपल्या कोल्हापुरातच घडलेली आहे आणि तिच्यात दोन्ही बाजूंना आपली माणसं आहेत. ती थोडी सविस्तर सांगते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं. आपलं दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच सालचं. मग १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, पुढच्या वर्षी लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, त्यानंतर शिंपी, सोनार, सारस्वत अशी रांगच लागली. आजही कोल्हापुरात फिरताना या इमारती दिसतात. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचं तर राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, हा पहिला प्रश्न होता आणि महाराजांनी तो बरोबर ओळखला होता.

जात मोडायला निघालेल्या राजानं प्रत्येक जातीला वेगळं बोर्डिंग का दिलं, असं कॉलेजात असताना मला वाटायचं. संसार केल्यावर ते समजलं. मूल बोर्डिंगात ठेवायचं म्हणजे आईनं त्याला दुसऱ्याच्या चुलीवर जेवायला पाठवायचं. त्या काळात कुठली आई पाठवणार होती? आधी सगळ्यांना मिळून एक वसतिगृह करून पाहिलं होतं, पण त्यात बहुजनांची पोरं टिकली नाहीत. मग महाराजांनी ज्याची त्याला चूल देऊन टाकली आणि मुलं शाळेत आणली. शाळेत ती एका बाकावर बसली. जेवणाच्या पंगतीला मात्र आणखी वाट बघावी लागली.

आपल्या जैन बोर्डिंगात तेव्हा कुंभोजला जन्मलेला एक उंचापुरा, हट्टी मुलगा राहत होता. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला. अभ्यासात ते फार चमकले नाहीत. मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला भाऊराव जाऊन बसले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच जेवायला यायचं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. पुढे महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत कर्मवीरांच्या मोठेपणासाठी सांगतात, आणि टाळ्याही पडतात. पण त्यांना बाहेर काढलं ते आपल्याच बोर्डिंगनं, हा भाग सांगताना आवाज जरा खाली येतो, हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. आंघोळीचा नियम करणारी माणसं वाईट नव्हती हो. माझ्या आज्जीसारखीच असणार, पाणी गाळून पिणारी.

आता दुसरी गोष्ट, हॉटेलाची. ही मला जास्त आवडते, कारण यात धंदा आहे, आणि मी शेवटी बी.कॉम. झालेली बाई.

गंगाराम कांबळे म्हणून एक गृहस्थ महाराजांच्या पागेत नोकरीला होते. महाराज परगावी असताना त्यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्यासमोर उभे राहिले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं, हाती पैसे दिले आणि स्वतःचा धंदा काढ म्हणून सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं सत्यसुधारक हॉटेल.

भाऊसिंगजी रोड म्हणजे गावाचा मध्य. जागा चांगली, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक नाही. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? आता हिशोब करून बघा. दूध रोज आणावं लागतं आणि न खपलेलं दूध संध्याकाळी नासतं. साखर, चहापत्ती, सरपण, सगळं रोजचं. असं हॉटेल महिनाभर तरी चालेल का? मारहाण करणाऱ्याला शिक्षा करता येते. पण नुसतं शेजारून चालत जाणाऱ्याला राजा तरी काय करणार?

महाराजांना हे कळल्यावर त्यांनी केलं ते असं. फिरायला निघाले की गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायची. गंगारामला हाक मारून भर रस्त्यात चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबर जे सरदार, अधिकारी, मानकरी असतील त्यांनाही प्यायला लावायचा. छत्रपतींच्या हातात कप आहे म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. पुढे महाराजांनी गंगारामांना सोडावॉटरचं मशीनही घेऊन दिलं. याला मी भांडवली मदत म्हणेन. दूध नासतं, सोड्याची बाटली टिकते.

महाराजांची कितीतरी आज्ञापत्रं प्रसिद्ध आहेत. १९०२ सालचं पन्नास टक्के राखीव जागांचं, १९१७ चं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं, १९१९ मध्ये दवाखाने, शाळा, पाणवठे सर्वांना खुले करणारी. गंगारामच्या चहासाठी मात्र त्यांनी हुकूम काढला नाही, तिथे ते स्वतः जाऊन बसले. गिऱ्हाइकानं कुठे चहा प्यावा हे कागदावर लिहून होत नाही, हे त्यांना कळलं असणार.

मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय अवघं अठ्ठावीस, अजून फारसं कुणाला माहीत नसलेलं नाव. परिषद भरवण्यात पुढे होते गावचे आप्पासाहेब पाटील, तेही जैन. महाराज या परिषदेला आले आणि भाषणात त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच भाषणात भर सभेत त्यांनी आंबेडकरांना आमंत्रण दिलं, परत जाण्याआधी रजपूतवाडीच्या कॅम्पवर माझ्याबरोबर जेवायला या म्हणून. इतिहास लिहिणारे पुढारीपणाचं वाक्य ठळक अक्षरांत छापतात. मला ते जेवणाचं आमंत्रण तितकंच मोठं वाटतं. ते खासगीत, चिठ्ठी पाठवूनही देता आलं असतं.

महाराज १९२२ मध्ये गेले, सत्तेचाळीसाव्या वर्षी. कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक गंगाराम कांबळ्यांनी आपल्या समाजबांधवांच्या वर्गणीतून नर्सरी बागेत उभं केलं.

इकडे भाऊरावांनी बोर्डिंग सुटल्याची गोष्ट विसरली नव्हती. १९१० मध्ये दुधगावला आपल्या जैन मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. मधल्या काळात पोटासाठी नांगर विकत गावोगाव फिरले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते दिलं गेलं. इथे महार, मराठा, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका पंगतीला. चूल एक, पाण्याचा हंडा एक, आणि स्वयंपाकाच्या पाळ्या मुलांच्याच.

आता मी जिच्याबद्दल लिहायला बसले तिच्याकडे येते. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. सगळी मुलं त्यांना वहिनी म्हणत.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या, सोवळ्यात वाढलेल्या जैन घरातल्या. माझ्या आज्जीची आणि त्यांची शिकवण एकच म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला त्यांना हे सगळ्या जातींचं एकत्र जेवण सोपं गेलं नाही. कसं जाईल? नवरा बाहेर भाषण करून येतो, देणगी मागून येतो, आणि घरात पोरांची पंगत बसते. सोवळं मोडायचं ते भाऊरावांना सभेत मोडायचं होतं, वहिनींना रोज सकाळी स्वतःच्या चुलीपाशी मोडायचं होतं. यातलं जास्त कठीण कोणतं, हे पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांत सापडत नाही. हळूहळू त्याच वहिनी त्या मुलांच्या आई झाल्या. कुणाचं दुखलंखुपलं बघणं, कुणाला न्हाऊ घालणं, आणि धान्य संपलं की अंगावरचं सोनं काढून देणं.

सोनं एकेक करून गेलं. एके दिवशी भाऊराव गावाला गेलेले, बोर्डिंगात दाणा नाही आणि पोरं उपाशी. तेव्हा वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ते मोडून या आणि मुलांचं जेवण करा म्हणाल्या. त्या काळातली सवाष्ण बाई, घरात नवऱ्याच्या आयुष्याचा दागिना म्हणून जो जपायचा, तो. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्था पुढे केवढी वाढली हे तुम्हांला माहीतच आहे. पण मला कायम एक प्रश्न पडतो, अगदी कॉमर्सवाल्याचा. कुणी जमीन दिली, कुणी इमारत दिली, त्यांची नावं पाटीवर आली. वहिनींचं स्त्रीधन ज्वारी होऊन पोरांच्या पोटात गेलं. ताळेबंदात ते कुठल्या बाजूला दाखवलं असेल?

१९५० साली घटना लागू झाली. पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला कोणत्याही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. देशाच्या घटनेत हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, यावरून त्या दारात किती माणसं अडवली गेली असतील याची कल्पना करा. १९५५ मध्ये अस्पृश्यता हा शिक्षेचा गुन्हा ठरवणारा कायदा आला. आमच्या गोठ्यातली कपबशी त्यानंतर दहा-पंधरा वर्षं तरी कोनाड्यात होती. ती फुटली तेव्हा आज्जीनं दुसरी आणून ठेवली, हेही मला आठवतं. पुढे ते काका थकले, यायचे बंद झाले आणि मग कपबशी कुणाला लागली नाही. आमच्या घरातली अस्पृश्यता कुणी ठरवून संपवली नाही, ती नुसती वापरात राहिली नाही. लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

दोन दिवसांनी मी मागच्या गल्लीत त्या बाईंच्या घरी गेले. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, त्या घेऊन. आमच्या ह्यांनी विचारलं, "आज अचानक?" मी म्हटलं, "वीस वर्षं झाली की."

बाईंनी बसवून घेतलं. "चहात आलं चालतंय का?" म्हणाल्या. मी सवयीनं नाही म्हणाले, आल्याशिवायचा केला. बोलता बोलता कर्मवीरांचा विषय मीच काढला. तशा त्या उठून आत गेल्या आणि वडिलांचा फोटो घेऊन आल्या. त्यांचे वडील साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले होते. चौथीनंतर गावात शाळा नव्हती आणि जी होती तिच्यात यांना दाराबाहेर बसवायचे. बोर्डिंगात पहिल्यांदा चारी बाजूंनी माणसं असलेल्या पंगतीत बसले, म्हणायचे. स्वयंपाकाची पाळी आली की पन्नास-पन्नास भाकऱ्या थापायला लागायच्या. "आमच्या घरात भाकरी दादाच करायचे. आईपेक्षा पातळ," बाई म्हणाल्या. "आई म्हणायची, बोर्डिंगनं एवढं एक काम चांगलं केलं."

मी त्यांना त्या रात्रीचा प्रश्न आठवून दिला. तुम्ही तसं का विचारलंत म्हटलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शाळेत नोकरीला लागले तेव्हा एक बाई डबा घेऊन वेगळ्या खोलीत जायच्या. कांदा-लसणाचा वास सहन होत नाही म्हणायच्या. माझ्या डब्यात त्या दिवशी साधा दहीभात होता. तेव्हापासनं आधी विचारते."

त्या बाई कोण, हे मी विचारलं नाही. आडनाव आपल्यापैकी निघालं असतं तर काय बोलणार होते?

पुढची पंगत संक्रांतीनंतर आहे. मालकाच्या मुलाला मी सांगून ठेवलं आहे की माझी उसळ आधीच वेगळी काढ आणि ताटातच वाढून आण, म्हणजे मला टेबलावर बसून विचारत बसायला नको. कांदा-लसूण मी खाणार नाही, चौविहारही सोडणार नाही. माझं जेवण सव्वासहाच्या आत होईल. पण परवा पाणी पिऊन उठले आणि घरी आले, तसं या खेपेला करायचं नाही असं ठरवलं आहे. बाकीची मंडळी आठ-साडेआठपर्यंत जेवत असतात. बाईंनी त्यांच्या शेजारची खुर्ची धरून ठेवायचं कबूल केलं आहे. खपलीची खीर त्यांना कशी जमवायची ते सांगायचं आहे, आणि त्या मला दादांची पातळ भाकरी दाखवणार आहेत. त्यासाठी म्हणे पीठ कोमट पाण्यात मळून चालत नाही, उकळतंच लागतं.